दहाव्या सिनेमाचा साक्षीदार

आधी उजव्या हाताची तर्जनी उभी राहायची. मग ती तराजूच्या काट्यासारखी डावीकडे-उजवीकडे झुलायची. आधी जोरात, मग सावकाश, मग नुसती थरथरल्यासारखी. "काटा थांबू द्या गा," एवढंच ते म्हणायचे, आणि गुलाबरावच्या चहाच्या दुकानात एकमेकांच्या गळ्यापर्यंत पोचलेली आठ माणसं मुकाट्यानं आपापल्या बाकावर बसायची. बोट थांबलं की सिनेमाचा निकाल. "इंटरवलपर्यंत पूरा किलो. मंग पाऊण. जेवढं हाये तेवढंच." त्यावर अपील नसायचं.

वजनमापांच्या सरकारी कचेरीत ते वजनांवर मोहर मारत. दुकानदारांची वजनं तपासायची, बरोबर भरलं तर हातोडीनं ठोकून शिक्का उठवायचा. नाव त्यांना आईबापांनी दिलेलं होतंच, पण आम्ही सगळे काटेवाले म्हणायचो. अंगात पांढरा सदरा, आणि खांद्यावर बारा महिने एक निळ्या काठाचा पंचा. धुऊन धुऊन तो इतका पातळ झाला होता की त्यातून पलीकडचं सिनेमाचं पोस्टर वाचता यायचं. (मी एकदा वाचलंय. हिरॉइनचं नाव नीट दिसलं नाही, एवढंच.)

तुमच्याही गावात असं एखादं दुकान असेलच. आमचं टॉकीजच्या समोर होतं. नागपुरात तेव्हा उन्हाळा असा पडायचा की डांबरात रुतलेला बैल मृगापर्यंत तिथेच उभा राही आणि लोक त्याला वळसा घालून जात. अशा उन्हात दुपारचा खेळ सुटला की आम्ही गुलाबरावकडे चहा प्यायला बसायचो आणि भांडायचो. हा सिनेमा मोठा की तो, याच्या पायी दोन ठरलेली लग्नं मोडली. एका शिंप्यानं तर आवडत्या हिरोला वाईट म्हणणाऱ्याच्या पँटचा एक पाय मुद्दाम तोकडा शिवला.

मी शाईचा फिरता विक्रेता. शाळाशाळांतून शाईच्या बाटल्या विकत हिंडायचो. लोक म्हणत, मी खोटं बोलतो. हे खरं नाही. पाहुणे वाढले की वरणात पाणी घालतात, तसं मी ऐकणारे वाढले की सत्यात घालतो. एकदा दुकान गच्च भरलेलं होतं, तेव्हा मी मुंबईहून पाहून आलेला एक नवा सिनेमा सांगितला. पाच गाणी म्हणून दाखवली. शेवटी हिरो मेला तेव्हा गुलाबरावनं स्टोव्ह बंद करून डोळे पुसले. आठ दिवसांनी पेपरात आलं की हिरोचा पाय मोडल्यामुळे तो सिनेमा अर्ध्यातच अडकून पडलाय, अजून पुरा झालेला नाही.

त्या दिवशी बंडोपंत उठला. बंडोपंत कोर्टात कारकून. त्यानं कोळसा घेतला आणि गुलाबरावच्या भिंतीवर कायदा लिहिला: एकट्यानं पाहिलेला सिनेमा मोजायचा नाही. सोबत कोणीतरी पाहिलेला पाहिजे, आणि त्या साक्षीदारानं इथं येऊन सांगितलं पाहिजे.

"हा कायदा फक्त याच्यासाठी हाये," माझ्याकडे बोट करून बंडोपंत म्हणाला, "पण लागू साऱ्यायले."

सगळे हसले. काटेवाले हसले नाहीत. त्यांनी भिंतीवरची ती दोन वाक्यं पुन्हा एकदा वाचली आणि बशीतला चहा हळूहळू संपवला. मला तेव्हा त्याचं काहीच वाटलं नाही. साऱ्या दुकानात कधीही खोटं न बोलणारा एकच माणूस होता, आणि सगळे सिनेमे एकट्यानं पाहणाराही तोच एक होता, हे माझ्या ध्यानात यायला पुढे बरीच वर्षं जायची होती.

आम्ही त्यांना सोबत बोलवत नव्हतो असं नाही. "चला ना गा काटेवाले, दहा जणं जाऊन राहिलो." ते म्हणत, "तुमी बोलता लय. मले ऐकू येत नाई." आणि रविवारी दुपारी एकटेच कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसत. कायदा झाल्यापासून त्यांचा एकही सिनेमा मोजला जात नसे. इतरांच्या सिनेमांचं वजन मात्र तेच करत.

साठाचं दशक संपायला आलं तेव्हा ठरलं की दहा वर्षांतल्या दहा उत्तम सिनेमांची यादी करायची आणि दुकानात लावायची. तीन महिने भांडण चाललं. गुलाबरावचे इतके कप फुटले की शेवटी तो पितळी पेल्यात चहा देऊ लागला. नऊ सिनेमे ठरले. दहाव्याच्या वेळी काटेवाल्यांनी हात वर केला. निकाल द्यायला नव्हे, नाव सुचवायला.

"थो क्लॅरिनेटवाल्याचा."

लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणाऱ्या एका माणसाचा तो सिनेमा. तीन दिवस चालला आणि उतरला. आमच्यापैकी कोणीच पाहिलेला नव्हता. पोस्टरसुद्धा आठवत नव्हतं.

"साक्षीदार?" बंडोपंतनं विचारलं.

"सोबत घरची होती."

घरची उमरेडला भावाकडे निघून गेली होती, त्याला तीन-चार वर्षं झाली होती. काहून गेली, हे कोणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही, हे त्या दुकानाच्या इतिहासातलं एकमेव सभ्य वर्तन.

बंडोपंत मनानं वाईट नाही, पण कोर्टाच्या पाण्यात मुरलेला. म्हणाला, "एक काम करू. दहावा रकाना कोरा ठेवू. साक्षीदार आला की लिहू."

झालं. नऊ सिनेमे लाल शाईनं (शाई माझी) पुठ्ठ्यावर उतरले, आणि खाली नुसता 'दहा' हा आकडा. पुठ्ठा गल्ल्याच्या वर टांगला. काटेवाले त्यानंतर रोज त्याच्या समोरच्या बाकावर बसत. तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हालाही वाटलं असतं, हा माणूस चहा पितोय. मी शेजारी बसायचो म्हणून सांगतो, ते कोऱ्या जागेकडे पाहत बसत.

अशी दहा वर्षं गेली. पुठ्ठ्यावर धूर बसला, झुरळांनी सातव्या सिनेमाचं अर्धं नाव खाल्लं. मग सत्तरचंही दशक संपायला आलं आणि बंडोपंतनं जाहीर केलं, दिवाळीनंतर नवी यादी. जुना पुठ्ठा उतरणार.

"मंग दहावा?" कोणीतरी विचारलं.

"दहा वर्षं तारीख देली. आता केस बंद," बंडोपंत म्हणाला.

काटेवाल्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, घडी घातली आणि पुन्हा खांद्यावर ठेवला. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांच्या पेल्यात चहा उरला. भिंतीवरच्या कोळशाकडे माझं लक्ष गेलं. तो कायदा फक्त माझ्यासाठी होता.

पुढच्याच आठवड्यात मी उमरेडची गाडी धरली. शाळेत शाई द्यायचीच होती, असं मी स्वतःला सांगितलं. रस्त्यावर कोळशाच्या ट्रकांची इतकी धूळ की उतरलो तेव्हा माझ्यात आणि बाटलीतल्या शाईत फरक ओळखू येत नव्हता. विणकरांच्या गल्लीत विचारत विचारत गेलो. एका ओसरीवर माग चालू होता, खटाक-खट, खटाक-खट, आणि मागावर एक बाई. कानाजवळचे केस पिकलेले, हात विजेसारखे. मी नाव-गाव सांगितलं तेव्हा माग थांबला.

"वहिनी, एकच विचारायचं होतं," मी म्हणालो. "तुम्ही त्यांच्यासोबत एक सिनेमा पाहिला होता. क्लॅरिनेटवाल्याचा."

"पाहिला कुठं बाप्पा? झोपली होती मी!" त्या हसल्या. मग आठवू लागल्या. "उन्हाळ्याचे दिवस होते. थेटरात आमी दोघंच. गेटवालाबी बाहेर जाऊन बसला. कूलर गळून राहिला होता, पाणी पायाखाली आलं त आमी तीन खुर्च्या सरकलो. मंग थंड वाटलं न मी त्यायच्या खांद्यावर झोपली. उठली त लाइट लागले होते. पूरा सिनेमा त्यायनं खांदा नाई हलवला. म्हटलं, कसा होता? त म्हणे, याच्यावर दुसरा सिनेमा नाई."

माझ्या जिभेला लगाम नाही, हे तुम्हाला आता कळलंच आहे. मी विचारलं, "मग आल्या काहून तुम्ही?"

त्या रागावल्या नाहीत. मागावरचा धागा बोटानं चाचपत राहिल्या.

"दिवाळीले माहेरी आली होती. त्यायच्यासाठी पंचा विणला, निळ्या काठाचा. माह्या हातानं पाच हात, मोजून. नेऊन देला. त्यायनं घेतला, आपल्या हातानं मोजला न म्हणे, चार बोटं कमी हाये." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पोळी करपली त करपली. लुगडं शोभत नाई त शोभत नाई. माणूस वाईट नव्हता, भाऊ. पण रोज वजन होऊन राहिलं होतं माह्यं. एक दिवस भावाच्या घरी आली, न मंग गेलीच नाई."

"न्यायला आले नाहीत?"

"आले ना. इथंच उभे होते, तुमी बसले तिथं. म्हणे, कपडा चार बोटं कमीच होता, पण तू चाल."

मी हसलो. माझं हसू गडगडाटी, एकदा सुरू झालं की शेजारच्या गावातली कबुतरं उडतात. ते त्या दिवशी मध्येच कुठेतरी बंद पडलं.

"एकदा जरी म्हटलं असतं, भरला म्हणून..." एवढं बोलून त्यांनी माग सुरू केला. मी उठलो तेव्हा पाठमोऱ्या म्हणाल्या, "मी भेटली म्हणून सांगू नका त्यायले." आणि मी रस्त्यावर पोचल्यावर मागून, "थो पंचा हाये का अजून?"

"रोज खांद्यावर असतो," मी म्हणालो. आयुष्यात क्वचितच इतकं कमी पाणी घातलं असेल.

दिवाळी झाली. नवीन पुठ्ठा आला. बंडोपंत बाकावर चढून जुना पुठ्ठा काढायला लागला, तेवढ्यात मी म्हणालो, "थांब. दहाव्याचा साक्षीदार आहे."

"कोण?"

"मी. मी होतो त्या खेळाला."

दुकान असं हसलं की वरची कौलं सरकली. बंडोपंत खाली उतरला, डोळे पुसले आणि कोर्टातला चेहरा लावला. "दहा वर्षं काहून नाई बोलला बे?"

"माझ्यावर कोणी विश्वास ठेवला असता?"

"आत्ताबी कोण ठेवून राहिलं? बरं, एक खूण सांग. तिथं असलेल्या माणसालेच माहीत असंल अशी."

मी काटेवाल्यांकडे पाहिलं नाही. भिंतीकडे पाहून म्हणालो, "दुपारचा खेळ. कूलर गळत होता. पाणी यांच्या पायाखाली आलं, तर दोघं उठून तीन खुर्च्या सरकून बसले."

बंडोपंत त्यांच्याकडे वळला. "खरं?"

आता पाहा, त्या थेटरात दोघांशिवाय माणूस नव्हता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कूलरचं मला एकाच ठिकाणाहून कळू शकत होतं, हेही त्यांना त्याच क्षणी कळलं असणार. त्यांनी तर्जनी उभी केली. ती झुलायला लागली. मी त्या दुकानात हजार निकाल पाहिले, पण इतका वेळ ते बोट कधी हललेलं पाहिलं नाही. गुलाबरावचा चहा उतू गेला, स्टोव्ह विझला, कोणी उठलं नाही. बोट डावीकडे जाई, उजवीकडे येई. मग थांबलं.

"होता हा," काटेवाले म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "मागं बसला होता. हसून राहिला होता. घरची म्हणे, कोण होय हा येडा?"

काटेवाल्यांचा शब्द. बंडोपंतनं मुकाट्यानं लेखणी घेतली आणि धुरकटलेल्या पुठ्ठ्यावर, दहा या आकड्यासमोर, त्या सिनेमाचं नाव लिहिलं. मग दोन्ही पुठ्ठे शेजारी-शेजारी टांगले गेले.

दिवस मावळायला आला होता. ते सायकल हातात धरून चालले होते, मी बाजूनं. पार चौक ओलांडल्यावर त्यांनी विचारलं.

"तब्येत बरी हाये?"

कोणाची, हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. "बरी आहे. केस पिकलेत."

"माग?"

"चालू आहे."

"अजून काही?"

"पंचा आहे का, विचारत होत्या."

ते थांबले. सायकल विजेच्या खांबाला टेकवली. खांद्यावरचा पंचा काढून दोन्ही हातांत धरला.

"थो भरला होता," ते म्हणाले. "पाच हात म्हणजे तिच्या हाताचे पाच. मी माह्या हातानं मोजला. माप तिचं, हात माझा. साऱ्या जिल्ह्याच्या वजनायले मोहर मारणारा माणूस मी."

"कधी कळलं हे?"

"न्यायले गेलो होतो न, थ्या दिवशी. परत येतानी, गाडीत."

"मग उतरून परत का नाही गेलात? सांगितलं का नाही?"

तर्जनी उभी राहिली, झुलली. "सांगायले जायचंच हाये," ते म्हणाले, आणि सायकलवर बसून गेले.

त्यानंतर रविवारी ते गुलाबरावकडे दिसेनासे झाले. मला वाटलं, आजारी असतील. एका रविवारी मी शाईच्या पेट्या घेऊन एसटी स्टँडवर गेलो, तर उमरेडच्या गाड्या लागतात तिथल्या बाकावर काटेवाले बसलेले. इस्त्रीचा सदरा, तेल लावून बसवलेले केस, मांडीवर घडी केलेला पंचा. गाडी आली, भरली, सुटली. ते बसूनच. मी एका कंडक्टरला विचारलं, "हे कधीपासून येतात?"

"दर रविवारी. गाडी आली का उठते, दरवाज्यापर्यंत येते, न परत जाऊन बसते. मी म्हटलं, बाबाजी, चढा ना गा. त म्हणे, काटा थांबू द्या."

मी हाक मारली नाही. माझ्यासारख्या बडबड्याच्या आयुष्यात असे प्रसंग दोन-तीनच. खांबाआडून पाहत राहिलो. गुडघ्यावर ठेवलेल्या हाताचं एक बोट हलत होतं. पुढची गाडी आली, तीही गेली.

असे दोन उन्हाळे गेले असतील. टॉकीजमध्ये गर्दी कमी झाली होती. गुलाबरावनं दुकानात टीव्ही बसवला आणि लोक वाद घालायच्या ऐवजी त्याच्याकडे तोंड करून गप्प बसायला लागले. एका सोमवारी वजनमापांच्या कचेरीतला शिपाई मला शोधत आला. शनिवारी दुपारी काटेवाले मोहर मारता मारता खाली बसले, ते उठले नाहीत. जवळचं कोणी नव्हतं, कचेरीतल्यांनीच रविवारी सगळं उरकलं. टेबलाच्या खणात माझं नाव लिहिलेलं एक पुडकं होतं. त्यात तो पंचा, धुतलेला, घडी मोडलेली नाही. चिठ्ठी वगैरे काही नव्हतं. काय करायचं, ते मला कळत होतं.

उमरेडची गाडी मी दरवाज्यापाशी न थबकता धरली. हे सांगायला मला लाज वाटते, इतकं ते सोपं होतं.

ओसरीवर माग चालू होता. मी पुडकं पुढे ठेवलं आणि जे झालं ते सांगितलं. स्टँडवरच्या रविवारांचंही सांगितलं. ते काय सांगायला निघत होते, तेही त्यांच्याच शब्दांत सांगितलं. माप तिचं, हात माझा. त्या ऐकत होत्या. माग बंद होता, तरी त्यांचा पाय पावडीवर दाबलेलाच होता.

मग त्यांनी पंचा उलगडला. एक टोक बोटांत धरलं, कोपर जमिनीला टेकवलं आणि मोजायला लागल्या. एक. दोन. तीन. चार. कापड वर्षानुवर्षं धुतलेलं, आटलेलं. पाचव्या हाताला निळा काठ कोपरापर्यंत पोचला नाही. मध्ये जागा राहिली. तीन बोटं असेल, चार असेल. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"भरला ना?"

"भरला," मी म्हणालो.

लोक मला आजही विचारतात, तुझ्या गोष्टींत खरं किती आणि घातलेलं किती. बाकीचं तुम्ही ठरवा. पण हे लिहून ठेवा. पाच हात, पुरे. मी स्वतः तिथे होतो.